आरशाचा इतिहास ऑडिओवर सांगायचा आहे. आधी पुस्तक की आधी मालिका?

उजेडवाट:

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

विषय असा आहे की गेली सहा वर्षं मी आरशाच्या सांस्कृतिक इतिहासावर काम करतेय. म्हणजे आरसा कसा बनत गेला एवढंच नाही, तर माणसाला स्वतःचा चेहरा रोजच्या रोज, स्पष्ट दिसायला लागल्यावर त्याच्या वागण्यात, कपड्यांत, खोल्यांच्या रचनेत, चित्रांत, अगदी डायरी लिहायच्या सवयीत काय काय बदललं, हा सगळा पसारा. पीएचडी झाली, आता त्याचंच पुस्तक करतेय, निम्म्याहून जास्त नव्याने लिहून झालंय, प्रकाशक पण तयार आहेत. आणि नेमकं आत्ताच एका ऑडिओ कंपनीने विचारलंय की याच विषयावर दहा भागांची मालिका कराल का, प्रत्येक भाग १५ मिनिटांचा, लिहायचं पण मी आणि बोलायचं पण मीच.

माझे गाईड म्हणतात आधी पुस्तक येऊ दे, एकदा आवाज लोकांच्या कानात बसला की पुस्तक म्हणजे 'त्या मालिकेचं पुस्तक' होऊन बसतं आणि मग आपल्या क्षेत्रातली माणसं ते उघडूनही बघत नाहीत. मैत्रीण म्हणते वेडी आहेस का, अशी संधी दारात उभी आहे आणि तू विचार कसला करतेस. मला दोघांचंही पटतं, म्हणून गेले दोन आठवडे एक ओळ लिहून झालेली नाही.

शिवाय अजून एक, आणि खरी भीती हीच आहे. आरसा ही निव्वळ बघायची वस्तू. ती ऐकवायची कशी? पहिल्या भागाचा मसुदा लिहून मोठ्याने वाचून बघितला तर तो चक्क सेमिनारमधल्या पेपरसारखा ऐकू आला.

ज्यांनी पुस्तक आणि रेडिओ-टीव्ही दोन्ही आयुष्यभर केलं अशा इतिहासकारांबद्दल कुणी नीट वाचलेलं असेल, किंवा कुणी स्वतः या कामात असेल, तर प्लीज सांगा. नुसतं 'मनाचं ऐक' नको, त्यांनी नक्की काय केलं ते हवंय.


कानोकानी:

ताई, मी सतरा वर्षं बोलपटांच्या नाही, बोलण्याच्या धंद्यात आहे, म्हणजे रेडिओ फीचर आणि आता पॉडकास्ट, निर्माता म्हणून. तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो कारण पहिला त्यातूनच सुटेल असं वाटतं.

न दिसणारी वस्तू ऐकवायची कशी, याचं सगळ्यात मोठं उदाहरण २०१० मध्ये होऊन गेलंय. नील मॅकग्रेगर तेव्हा ब्रिटिश म्युझियमचे डायरेक्टर होते, आणि बीबीसी रेडिओ ४ वर त्यांनी म्युझियममधल्या १०० वस्तूंमधून जगाचा इतिहास सांगितला. १०० भाग, प्रत्येक १५ मिनिटांचा, बरोब्बर तुमचाच साचा. पहिली वस्तू इजिप्तमधली ममी, शेवटची सोलर दिवा आणि चार्जर. एकही वस्तू ऐकणाऱ्याला दिसत नव्हती! पुस्तक त्याच वर्षी मागून आलं आणि ते जाडजूड पुस्तक लोकांनी घेतलं सुद्धा. मी ती मालिका पहिल्यांदा ऐकली तेव्हा वही घेऊन बसलो होतो, हा माणूस करतो काय हे बघायला. तर तो वस्तूचं वर्णन फार करतच नाही. तो ती हातात घेतो. ओल्डुवाय घळीतलं दगडी हत्यार असेल तर ते हातात कसं बसतं, अंगठा कुठे येतो, धार कुठल्या बाजूला, याच्यावरून तो तुम्हाला पार वीस लाख वर्षं मागे नेतो. डोळ्याचं काम तो हाताला देतो. आणि मग मधेच दुसरा कुणीतरी बोलतो, शिल्पकार, शास्त्रज्ञ, ज्याला त्या वस्तूचं कामापुरतं ज्ञान आहे असा.

तुमच्या आरशाला पण हात आहेत ना? कुणीतरी तो बनवला, पुसला, उचलून भिंतीला लावला, फोडला. तिथून शिरा.

दुसरं म्हणजे वाक्य. वाचणारा मागे जाऊन पुन्हा वाचू शकतो, ऐकणारा भांडी घासत असतो किंवा गाडी चालवत असतो, तो मागे जात नाही. त्यामुळे एका वाक्यात एकच गोष्ट, आणि वाक्यातला जड शब्द शेवटी. आकडे कमीत कमी, एका भागात तीन साल सांगितलीत तर खूप झाली. १५ मिनिटांना माझ्या अनुभवाने मराठीत साधारण सोळा-सतराशे शब्द बसतात, त्यात थांबायला जागा सोडलेली हवी. मी माझ्या लेखकांना सांगतो की स्क्रिप्ट टाइप करायच्या आधी बोलून रेकॉर्ड करा आणि मग ते उतरवून काढा. जीभ जिथे अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं, दर वेळी.

आणि कधीकधी स्क्रिप्ट सोडूनच द्यावी लागते. जेकब ब्रोनोव्हस्कीची १९७३ ची १३ भागांची मालिका बघा, विज्ञानाच्या इतिहासावरची. औशवित्झच्या नाझी छळछावणीतल्या तळ्याच्या काठी तो बोलतोय, त्याच्या घरातली कितीतरी माणसं तिथे मारली गेली, आणि बोलता बोलता तो बूट घातलेलाच पाण्यात उतरतो आणि खाली वाकून चिखल मुठीत धरतो. हे लिहून ठेवलेलं नव्हतं. पन्नास वर्षं झाली, बघणारा अजून विसरत नाही.

तुमच्या मसुद्यातला एक परिच्छेद इथे टाका, बघू काय करता येतं ते.


तळटीप:

मी अभ्यासाच्या बाजूने लिहितोय, विद्यापीठात शिकवतो. कानोकानी दादांचं ऐकायचं कसं यावर जे लिहिलंय ते सगळं मान्य, पण त्यांनी ज्या तळ्याचा उल्लेख केला तिथूनच मला पुढे जायचंय.

त्या दृश्यात ब्रोनोव्हस्की म्हणतो की या तळ्यात सुमारे ४० लाख माणसांची राख टाकली गेली. तेव्हा तोच आकडा सगळीकडे धरला जात होता, त्याने काही मनाने सांगितलेला नाही. पण नंतरच्या संशोधनात औशवित्झमध्ये मारल्या गेलेल्या माणसांची संख्या साधारण ११ लाख ठरली. त्याने त्या जागेचं भयाणपण तसूभरही कमी होत नाही. पण बघा, पुस्तकात आकडा बदलला तर पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होतो, तळटीप टाकता येते. फिल्ममधला माणूस १९७४ मध्ये गेला, आणि तो अजून त्याच पाण्यात उभा राहून तोच आकडा सांगतोय. आवाजाची ताकद आणि आवाजाचा धोका, दोन्ही एकाच दृश्यात आहेत.

अजून एक उदाहरण. कलासमीक्षक जॉन बर्जर, १९७२, बीबीसी टू, अर्ध्या अर्ध्या तासाचे फक्त चार भाग. पहिल्याच भागात तो ब्लेड घेऊन बोत्तिचेल्लीच्या चित्राच्या प्रतीतून व्हीनसचा चेहरा कापून काढतो आणि छापील प्रतिमा झाली की चित्राचं काय होतं ते डोळ्यांसमोर दाखवतो, त्याला एक शब्द समजवावा लागत नाही. त्याच मालिकेच्या पुस्तकात त्याने व्हॅन गॉगचं कावळे आणि गव्हाचं शेत असलेलं चित्र आधी नुसतं दाखवलंय आणि पान उलटलं की तेच चित्र, खाली ओळ की आत्महत्येआधी त्याने काढलेलं हे शेवटचं चित्र. शब्द आले की चित्र कसं बदलतं हे शिकवायला याच्याहून चांगली युक्ती मी पाहिलेली नाही, मी स्वतः वर्गात वापरतो. फक्त ते त्याचं शेवटचं चित्र नाही. आज अभ्यासक झाडांच्या मुळांच्या चित्राला बहुधा शेवटचं मानतात. बर्जरचा मुद्दा उलट आणखीच पक्का होतो, पण चूक ती चूक, आणि ती पन्नास वर्षं पसरत राहिली.

तर माझं मत असं आहे की 'आधी काय' हा प्रश्नच जरा चुकलाय. स्क्रिप्टच्या दोन प्रती ठेवा. एक बोलायची. दुसऱ्या प्रतीत प्रत्येक वाक्यापुढे ते कशावरून, कुठल्या कागदावरून, कुठल्या पानावरून. बोलताना एक शब्द बदलला तरी दुसऱ्या प्रतीत लगेच बदला. ही दुसरी प्रत कुणाला दाखवायची नसते पण ती असली की हात चालतो. 'पहिला', 'सगळ्यात जुना', 'कधीच नाही' असे शब्द आले की लाल पेन. एकदा एका कार्यक्रमात मी उत्साहाच्या भरात एका हस्तलिखिताला 'सगळ्यात जुनं' म्हणून गेलो, त्याच्याहून जुनं मला माहीत होतं, तरी बोलण्याच्या ओघात निघून गेलं. निर्मात्यांना दुसऱ्या दिवशी दुरुस्तीसाठी फोन केला तर एपिसोड लॉक झालाय म्हणाले. अजून विद्यार्थी ते वाक्य मला ऐकवतात, माझ्याच आवाजात.

आता तुमच्या सरांची भीती. ती खोटी नाही, पण अर्धीच खरी आहे. कलेचा इतिहासकार केनेथ क्लार्कचं बघा. १९३४ मध्ये, जेमतेम तिशीत, लंडनच्या नॅशनल गॅलरीचा डायरेक्टर. लिओनार्दोवरचं पुस्तक १९३९ चं, नग्नाकृतीवरचं मोठं पुस्तक १९५६ चं. मधे १९५४ ते ५७ ब्रिटनच्या कमर्शियल टीव्हीवर देखरेख करणाऱ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष. १९५८ पासून स्वतः टीव्हीवर कलेबद्दल बोलायला लागला. आणि जी लोकांना आठवते ती 'सिव्हिलायझेशन' ही १३ भागांची रंगीत मालिका आली १९६९ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासमोर दहा-अकरा वर्षं घासून झाल्यावर. डेव्हिड अॅटनबरो तेव्हा बीबीसी टू चा प्रमुख होता, त्याला नव्या रंगीत टीव्हीवर काहीतरी भव्य हवं होतं. पुस्तक त्याच वर्षी, स्क्रिप्टवरूनच. म्हणजे क्लार्कच्या बाबतीत आधी पुस्तकं, मग टीव्ही, मग टीव्हीचं पुस्तक, आणि लोक आज सगळ्यात जास्त वाचतात ते शेवटचं. अभ्यासकांच्या दृष्टीने त्याचं उत्तम काम मात्र आधीचंच.

त्या मालिकेत नावालाच 'एक व्यक्तिगत दृष्टिकोन' अशी जोड होती, ते मला प्रामाणिक वाटतं. तरी स्पेन गाळला, स्त्रिया जवळजवळ नाहीत, पाश्चात्त्य जगाच्या बाहेर जवळजवळ पाऊल नाही. २०१८ मध्ये बीबीसीने नऊ भागांची नवी मालिका काढली तेव्हा नाव अनेकवचनी केलं आणि निवेदक तीन, सायमन शामा, मेरी बिअर्ड आणि डेव्हिड ओलुसोगा. एका आवाजाने सगळं सांगायचं हा हट्ट पन्नास वर्षांनी सुटला.


मधली_सुट्टी:

तळटीप सर, ते दोन प्रतींचं आवडलं, मी अनुवाद करते तिथे पण वापरणार.

थोडं अवांतर, पण 'टीव्हीवाले' म्हणून नाव पडायच्या भीतीवर. फ्रान्समध्ये जाक ल गॉफ, मध्ययुगाचा एवढा मोठा इतिहासकार, १९६८ पासून २०१४ मध्ये जाईपर्यंत रेडिओवर सोमवारचा इतिहासाचा कार्यक्रम करत होता. शेहेचाळीस वर्षं! आणि त्यात मुख्यतः इतरांच्या नव्या पुस्तकांवर चर्चा, स्वतःची टिमकी नाही. त्याला कुणी हलकं समजलं नाही. तिथल्याच दुसऱ्या इतिहासकाराने, जॉर्ज द्यूबीने, कॅथेड्रलांच्या काळावरचं पुस्तक १९७६ मध्ये काढलं आणि मग त्यावर टीव्ही मालिका केली. तिथे बहुतेक आपल्याकडे... नको, तो विषय वेगळा आहे.

आणि ओलुसोगा तर आधी बीबीसीत निर्माता होता, कॅमेऱ्याच्या मागून पुढे आला. म्हणजे रस्ते एकापेक्षा जास्त आहेत एवढंच.


जुनाट_टेप:

सगळे ब्रिटिश टीव्हीवर चाललेत म्हणून मी दोन रेडिओवाले आणते.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन. आज त्याचं नाव घेतलं की लोक एकदम गंभीर होतात, पण १९२७ ते १९३३ या काळात त्याने बर्लिन आणि फ्रँकफर्टच्या रेडिओसाठी ऐंशीच्या वर कार्यक्रम केले आणि त्यातले कितीतरी लहान मुलांसाठी! लिस्बनचा १७५५ चा भूकंप, पाँपेईचा नाश, चेटकिणींवरचे खटले, स्कॉटलंडमधल्या टे नदीवरच्या पुलाचा अपघात, बर्लिनमधली खेळण्यांची दुकानं. स्वतः मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो या कामाला पोटापाण्याचं काम म्हणून हलकं लेखायचा. नाझी सत्तेवर आले आणि ते बंद पडलं. १९४० मध्ये तो गेला. त्याच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग आज उरलेलं नाही, एक मिनिटाचं सुद्धा नाही. उरलेत ते टाइप केलेले कागद. लिस्बनच्या भूकंपाची ती स्क्रिप्ट वाचताना मला राहून राहून वाटतं की इथे तो थांबला असेल, इथे मुलांना श्वास घेऊ दिला असेल. ते आता कुणाला कळायचं नाही.

आणि गंमत बघा (म्हणजे गंमत नाही, पण मला फार महत्त्वाचं वाटतं), तळटीप सरांनी बर्जरचा जो पहिला भाग सांगितला, ब्लेडवाला, तो बेन्यामिनच्याच निबंधावर उभा आहे, यंत्राने प्रती निघायला लागल्यावर कलाकृतीचं काय होतं यावरच्या. बर्जर तसं सांगतो पण. म्हणजे रेडिओवर मुलांशी बोलणारा माणूस, त्याचा निबंध, त्यावरून टीव्ही, त्यावरून पातळसं पुस्तक, आणि ते पुस्तक कला शिकणाऱ्या मुलांच्या हातात. पुस्तक आणि आवाज एकमेकांत असे गुंतलेत, 'आधी काय' कसं सांगणार?

दुसरा स्टड्स टर्केल, शिकागोचा. १९५२ ते १९९७, पंचेचाळीस वर्षं एकाच रेडिओ स्टेशनवर. त्याची पुस्तकं म्हणजे टेपवर घेतलेल्या मुलाखतीच आहेत, महामंदीवरचं १९७० चं, लोकांच्या रोजच्या कामावरचं १९७४ चं, दुसऱ्या महायुद्धावरच्या पुस्तकाला पुलित्झर मिळालं. तो एक किस्सा सांगायचा. एका गरीब वस्तीत एका बाईची मुलाखत घेतली, आसपास तिची पोरं, पोरांना टेपवर आईचा आवाज ऐकायचा होता म्हणून त्याने टेप मागे घेऊन लावली. बाई ऐकता ऐकता तोंडावर हात ठेवते आणि म्हणते, मला असं वाटतं हे मलाच माहीत नव्हतं.

उजेडवाट, हे वाचून तुम्हाला काय आठवलं ते सांगायला नको. तो टेपरेकॉर्डर तिच्यासाठी आरसा होता. तुमच्या मालिकेत हे कुठेतरी यायला हवं असं मला मनापासून वाटतं. चेहऱ्याचा आरसा आला तेव्हा जे झालं तेच आवाजाचा आरसा आला तेव्हा पुन्हा झालं.


उजेडवाट:

बाप रे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी. काल रात्री तीनदा वाचलं.

जुनाट_टेप, खरं सांगू, ते 'आवाजाचा आरसा' वाचून उठून खोलीत फेऱ्याच मारल्या. माझ्या पुस्तकात आरसा फोटोग्राफीपाशी संपतो, १८३९. मला तिथे थांबायचं कारणच नव्हतं.

कानोकानी दादा, हा पुस्तकाच्या तिसऱ्या प्रकरणातला परिच्छेद:

"सतराव्या शतकात कथील व पारा यांच्या संमिश्राच्या लेपनपद्धतीने काचेचे मोठे आरसे तयार केले जात. १६६५ मध्ये चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये स्थापन झालेल्या शाही आरसा-कारखान्याने व्हेनिसच्या मक्तेदारीस आव्हान दिले व त्याचे दृश्य प्रतीक म्हणून १६८४ मध्ये पूर्ण झालेल्या व्हर्साय राजवाड्याच्या दालनातील ३५७ आरशांकडे पाहता येते. या प्रक्रियेतील पाऱ्याच्या वाफांमुळे कारागिरांच्या आरोग्यावर विपरीत परिणाम होत असत."

आणि हे आज सकाळी तुम्ही सांगितलंत तसं आधी फोनमध्ये बोलून मग उतरवलेलं:

"एक लांब, सपाट टेबल. त्यावर कथलाचा पत्रा पसरलाय, कागदासारखा पातळ. एकही सुरकुती राहता कामा नये, म्हणून कारागीर तो हलक्या हाताने चापून बसवतो. मग त्यावर पारा ओततो. पारा पाण्यासारखा मुरत नाही, तो थरथरत उभा राहतो. आता काच. ती वरून ठेवायची नाही, एका कडेने सरकवत न्यायची, म्हणजे मधे हवा राहत नाही. वर वजनं. आणि मग वाट बघायची. टेबल जरासं कलतं करायचं, जास्तीचा पारा थेंब थेंब निथळू द्यायचा, दिवसचे दिवस. त्या खोलीतली हवा तो रोज छातीत घेतो. पुढे त्याचे हात थरथरायला लागतात. व्हर्सायच्या त्या दालनात असे ३५७ आरसे आहेत. राजा त्यांच्यासमोरून चालत जायचा."

बोलताना माझ्या लक्षात आलं की सहा वर्षांत मी कोल्बेरबद्दल चाळीस पानं लिहिली आणि टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाबद्दल एक ओळ. ती पण 'विपरीत परिणाम'. हे मला लिहिताना कधीच दिसलं नव्हतं, बोलताना एका मिनिटात दिसलं.


तळटीप:

फार सुंदर झालंय. आता दुसरी प्रत.

'हात थरथरायला लागतात' कशावरून? तुमच्याकडे असेलच, पण बोलण्यातच एक आधार द्या, त्याने जोर वाढतो, कमी होत नाही. रामाझ्झिनीने कामगारांच्या आजारांवरचं पुस्तक १७०० मध्ये छापलं, त्यात आरसे करणाऱ्यांना पाऱ्याने काय होतं ते आहे. 'त्या काळातला एक इटालियन वैद्य लिहितो' एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला कळतं की हे बाईंच्या मनातलं नाही. 'दिवसचे दिवस' ठीक आहे. 'राजा चालत जायचा' पण ठीक, चौदावा लुई होता हे लोकांना माहीत असतं.

एकच गोष्ट खटकते. कारागीर 'तो' एकटा आहे. मोठी काच एकट्याने सरकत नाही. किती जण लागायचे ते कुठे मिळालं तर बघा, आणि नाही मिळालं तर निदान 'ते' करा.

हो, आणि या पद्धतीला १८३५ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने चांदीच्या लेपाचा पर्याय शोधला तरी पारा लगेच गेला नाही. तो का गेला नाही हा एक अख्खा भाग आहे तुमच्या मालिकेचा.


कानोकानी:

ताई, हा पहिला भाग आहे. कोल्बेर तिसऱ्या भागात गेला तरी चालेल, तो कुठे पळून जात नाही. 'वर वजनं' नंतर मी तीन सेकंद काहीच वाजवणार नाही, संगीत पण नाही.

आता व्यवहाराचं, कारण ते कुणी लिहिलं नाही. करार करताना स्क्रिप्टचे हक्क विकत देऊ नका, ऑडिओ करण्यापुरता परवाना द्या आणि त्याला मुदत घाला. 'मालिकेवर आधारित पुस्तक' हा शब्द करारात कुठे दडलाय का ते शोधा, बऱ्याच वेळा मागच्या पानावर असतो, आणि तो असला की तुमच्या प्रकाशकाशी भांडण नक्की. दोघांना एकमेकांचं आधीच सांगून टाका. प्रसारणाआधी शेवटचं ऐकायचा आणि तथ्याची चूक असेल तर ती बदलायचा हक्क लेखी घ्या, तळटीप सरांच्या बाबतीत जे झालं ते याच एका ओळीने टळलं असतं. डिजिटल फाइल आहे, महिन्याने पण बदलता येते, फक्त कुणीतरी कबूल केलेलं पाहिजे. आणि संशोधनाला कुणी मदतनीस लागला तर त्याचं नाव शेवटी वाचून दाखवायचं, हे पण लिहून घ्या.

मी एकदा एका लेखिकेला घाईत सही करू दिली. तिचं पुस्तक दीड वर्ष अडकलं. ती काही बोलली नाही पण मला अजून ते लागतं, म्हणून एवढं लांबण लावलं.


मधली_सुट्टी:

वेळेबद्दल एक. कलेचा इतिहासकार निकोलाउस पेव्ह्सनरने १९५५ मध्ये बीबीसीवर रीथ व्याख्यानं (ही त्यांची दरवर्षीची रेडिओ व्याख्यानमाला) दिली, इंग्लिश कलेचं इंग्लिशपण या विषयावर, म्हणजे चित्रं आणि इमारती, आणि ते पण रेडिओवर. पुढच्याच वर्षी तीच व्याख्यानं वाढवून पुस्तक केलं. वाढवून, हा शब्द महत्त्वाचा. लोकांनी ऐकल्यावर पत्रं पाठवली, शंका काढल्या, की ते सगळं पुस्तकात घ्यायला जागा असते. तुमचं पुस्तक अजून छापायला गेलेलं नाही हे खरं तर किती चांगलं आहे!


उजेडवाट:

हो, तेच आता कळतंय मला.

आज दोघांना फोन केले. प्रकाशक म्हणाले सहा महिने थांबतो पण त्याहून जास्त नाही. ऑडिओवाल्यांनी पहिले दोन भाग आधी करून बघायला हो म्हटलंय, आणि तथ्यं तपासायच्या कलमाला पण त्यांची हरकत नाही, 'पुस्तका'चा शब्द खरंच होता मागच्या पानावर, तो काढायला सांगितलाय. माझ्या गाईडना ते टेबलाचं रेकॉर्डिंग पाठवलं. त्यांनी ऐकून फक्त एवढंच विचारलं की त्या कारागिरांची नावं कुठल्या रजिस्टरमध्ये असतील का.

म्हणजे उद्यापासून कारखान्याच्या हजेरीपटांच्या मागे लागायचं. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरून जे कारागीर फोडून पॅरिसला आणले होते त्यांच्यातल्या काहींची नावं मी पूर्वी एका तळटिपेत टाकून सोडून दिली होती, ती वही सापडली आहे. तळटीप सर, 'तो' चं 'ते' केलंय.